कढीपत्त्याखालचं अंडं

आमच्या नांदेडच्या घरामागे, कढीपत्त्याच्या झाडाखाली जी पुडी सापडली, ती मी पुरली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, देवाला तर नाहीच. देवापुढं उभा राहिलो की मी दुसऱ्याच कामांचं बोलतो.

पुडीत अंड्याचं टरफल होतं, त्यात सुकत आलेला बलक, जास्वंदीच्या वाटलेल्या पाकळ्या, चार मेथ्या आणि माझ्या डोक्याचे केस. वरून काळा दोरा गुंडाळलेला. आमच्या भागातल्या माणसाला एवढं वर्णन पुरतं, पुढचं तो स्वतःच सांगू लागतो. तसंच झालं. पुढचं सगळ्यांनी सांगितलं, सगळं चुकीचं सांगितलं, आणि मी ते ऐकत बसलो.

मी एका खाजगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. मेडिकलला जाऊ पाहणारी मुलं असतात. नांदेड-लातूरकडे क्लासच्या मास्तराचं तोंड चौकाचौकात फ्लेक्सवर टांगलेलं असतं, निवडणुकीला उभं राहिल्यासारखं. माझंही असायचं. एका वर्षी क्लासचे मालक, वयानं माझ्याहून बरेच लहान, माझा जुना फोटो हातात धरून बसले होते. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "सर, यंदा नवीन काढू. जरा फ्रेश." फ्रेश म्हणताना त्यांची नजर माझ्या कपाळाच्या वर कुठंतरी होती.

त्या दिवसापासून मला संशयानं धरलं. फळ्यावर हृदयाची आकृती काढताना मागच्या बाकावर कुणी हसलं, की ते माझ्या टाळूवरच असणार. न्हावी आरसा मागं धरायचा टाळतोय, म्हणजे त्यालाही कळलंय. बायकोनं उशीचा अभ्रा नेहमीपेक्षा लवकर धुवायला टाकला, म्हणजे तिनं त्यावरचे केस मोजले. ती काही बोलत नव्हती, आणि न बोलण्याचाच मला जास्त संशय येत होता.

तेव्हा घरात आम्ही चौघं. आई माळकरी. अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही, कुणी वाढदिवसाचा केक आणला तरी आई विचारायची, "बिगर अंड्याचा हाय ना?" बायको पतसंस्थेत नोकरीला, सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. मुलगा शिकायला बाहेरगावी. आणि मागच्या दोन खोल्यांत वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. लोह्याकडची जमीन बटईनं दिलेली, खोल्या वेगळ्या असल्या तरी स्वयंपाक एकत्र, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वहिनीच्या हातचा.

माझ्या टाळूबद्दल तोंडावर बोलली ती एकटी वहिनी.

"भाऊजी, आरशासंग लगीन लावून राहिले काय?"

मी कंगवा खिशात घातला. म्हणालो, "वहिनी, खरं सांगा. टाळू दिसते का हो?"

"दिसत न्हाई," ती म्हणाली. "चमकते."

मला राग यायला हवा होता, पण हलकं वाटलं. एवढ्या दिवसांत कुणीतरी ती गोष्ट नावानं उच्चारली होती. वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेलानं काय होणार? केसाला ताकद लागते. मी उडदाचं पीठ आन् दही लावते. तुमचे भाऊ गेले त्या वर्षी माझे केस मुठीमुठीनं गेले होते. आता बघा." तिनं अंबाडा दाखवला. "पर त्याला वर्षाचा दम लागतो. तुम्हाला तर फोटू काढायचाय. तुम्ही अंडं लावा. अंड्याचं पांढरं, दही, भिजवलेल्या मेथ्या, जास्वंदीची पाकळी वाटून. मोबाईलवर दाखवून राहिले सगळे."

"या घरात? अंडं?"

"खायचं थोडंच हाय. आई झोपतात की दुपारी."

आता मी काय शिकवतो ते पुन्हा सांगतो: जीवशास्त्र. केस म्हणजे मेलेल्या पेशींची दोरी, तिला बाहेरून खाऊ घालता येत नाही; अंड्यातल्या प्रथिनाचा रेणू एवढा मोठा, की तो केसात शिरतच नाही, वर नुसता थर चढतो; हे मी मुलांना समजावलेलं आहे आणि त्यावर हशाही घेतला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच संपवून मी आमच्या गल्लीतलं दुकान टाळलं, तरोडा नाक्याच्या पुढं गेलो आणि एका गाड्यावरून एक अंडं घेतलं. गाडेवाला म्हणाला, "एकच?" तेवढ्यानंही वाटलं, हा ओळखतो मला. अंडं रुमालात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवलं आणि प्रत्येक खड्ड्याला श्वास धरत घरी आलो.

पहिल्या वेळी मी केस कढत पाण्यानं धुतले. न्हाणीघरात एकटाच होतो, त्यामुळं काय झालं ते कळायला वेळ लागला. अंडं शिजलं. डोक्यावर बुर्जी झाली. बारीक बारीक पांढरे कण केसाला गच्च धरून बसले, निघता निघेनात. टॉवेल गुंडाळून मी मागच्या दाराशी गेलो. वहिनी खाली बसून तोंडावर पदर धरून हसली. आई उठेल म्हणून आवाज न करता हसली, त्यामुळं ते हसू लवकर संपेना. मग तिनं बारीक दातांची फणी घेतली आणि ओट्यावर बसवून एकेक कण काढला. "मास्तर हाय म्हणं," मधेच पुटपुटली, "थंड पाणी आन् गरम पाणी कळत न्हाई."

पुढच्या वेळी लेप तिनंच लावला. टाळू मला दिसत नव्हती, हात मागं पोचत नव्हता, असं मी म्हणालो. हात पोचत होता.

हे मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. मी ओट्याच्या पायरीवर बसलो होतो, ती वरच्या पायरीवर. वाटीतला लेप बोटांनी घेऊन ती भांग पाडत पाडत लावत होती आणि आईच्या गुडघ्याबद्दल, बटईदाराच्या लबाडीबद्दल बोलत होती. तिच्या मनात काही नव्हतं. माझ्याही मनात काही नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतो आहे. खरं एवढंच आहे, की कुणी माझ्या डोक्याला असा निवांत हात लावून फार काळ लोटला होता, आणि तिनं "झालं" म्हटलं तेव्हा मी म्हणालो, "मागं राहिलंय बघा." मागं काही राहिलं नव्हतं.

असं अधूनमधून चालू राहिलं. केस जाडसर लागायला लागले. ते थरामुळं, हे मला ठाऊक होतं. तरी मी बोटं फिरवून बघायचो.

आणि बायकोला वास यायला लागला. संध्याकाळी येऊन चप्पल काढताकाढता ती थबकायची. "कसला वास हाय हो?" मी म्हणायचो, नाली तुंबली असेल. ती म्हणायची, "भरदुपारी आंघोळ करता का तुम्ही आजकाल?" कसं कळलं विचारलं, तर "टॉवेल वल्ला हाय" म्हणाली आणि टॉवेलाकडे न बघता मागच्या खोल्यांच्या दाराकडे बघितलं. एकदा म्हणाली, "जाऊबाई आजकाल लई हसतात." एवढंच. तिनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण ती विचारत नव्हती आणि मी ती काय काय जोडते आहे याचा अंदाज बांधत होतो. एका घरात दोन माणसं एकमेकांच्या पाळतीवर, आणि तिसऱ्या माणसाला त्याचा पत्ता नाही.

म्हणून मी पुडी पुरायला लागलो. टरफलं घंटागाडीच्या डब्यात टाकली तर ओला-सुका कचरा करताना बायकोच्या हाती लागणार. बलक मोरीत ओतला तर वास. न्हाणीच्या जाळीत अडकलेले केस तसेच ठेवले तर ती मोजणार. सगळं वर्तमानपत्राच्या तुकड्यात घालायचो, पुडी सुटू नये म्हणून वहिनीच्या शिलाई मशीनवरच्या रिळाचा दोरा गुंडाळायचो आणि कढीपत्त्याच्या मुळाशी खुरप्यानं उकरून दाबायचो. रीळ काळं होतं. मशीनवर त्या दिवसांत दुसरं रीळ नव्हतं. याहून जास्त विचार मी केला नव्हता. जास्वंद लाल असते, बलक पिवळा असतो, याचाही नाही. मराठवाड्यात जन्मलो, वाढलो, भानामतीच्या गोष्टी ऐकत मोठा झालो, आणि आपण काय बांधतो आहोत ते मला दिसलं नाही.

मांजरानं ती उकरली. अवस होती, आणि रविवार असल्यानं सगळे घरी. आई तुळशीला पाणी घालायला मागं गेली आणि तिनं हाक मारली. ओरडली नाही. खालच्या आवाजात बोलावलं, त्यावरूनच मी समजलो.

पुडी सुटून पडली होती. आई म्हणाली, "कुणी हात लावू नका." बायकोनं काडीनं दोरा बाजूला केला, पाकळ्या केल्या, आणि केसांवर काडी थांबवली. बराच वेळ बघत राहिली. केस आखूड होते आणि टोकांना मेंदीचा तांबूस रंग होता. आमच्या घरात तसे केस एकाच माणसाचे.

"आई," ती म्हणाली, "हे यांचे हायत."

मी त्या वेळी हसलो असतो तरी चाललं असतं. तिचं तोंड बघून हसू आलं नाही. ती घाबरली होती, आणि माझ्यासाठी घाबरली होती. इतके महिने मी समजत होतो, ती माझ्यावर पाळत ठेवते. ती काळजी करत होती. "म्हणूनच," ती म्हणाली. "म्हणूनच केस चालले यांचे. म्हणूनच गप गप असतात. क्लासातबी मन न्हाई." सगळं तिला एकदम जुळलं. माझ्या केसांवरचा इलाजच माझे केस जाण्याचं कारण ठरला, आणि कुणाला त्यात काही वाकडं दिसलं नाही.

"दोरा कोणाच्या मशीनचा हाय ते बघ," आई म्हणाली. "बाहेरून कोणी आलेलं न्हाई हे." मग मागच्या खोल्यांच्या दाराकडे बघत, कुणाला ऐकू जावं न जावं अशा आवाजात, "जिचं गेलं तिला दुसरीचं बघवत न्हाई. मी बोलत नव्हते इतके दिवस."

माझ्या आईनं त्या सुनेच्या हातचं बारा महिने खाल्लेलं होतं. तिच्या पायाला तेल लावायची ती वहिनी. मनात एवढं साठवून माणूस पाय पुढं करू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

वहिनी बाहेर आली, हाताला कणीक लागलेली. तिनं पुडीकडे बघितलं. ओळखली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर हसू फुटायला लागलं, कारण तिला वाटलं, आता भाऊजी सांगणार, आणि मग या गोष्टीवर घर वर्षभर हसणार, आई दोन दिवस बोलणार नाही, घरात गोमूत्र शिंपडेल, संपलं.

"थोरले," आई म्हणाली, "हे काय हाय?"

"माझं न्हाई," वहिनी म्हणाली. "भाऊजींना विचारा की."

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मला तेव्हा काय दिसलं ते सांगतो. अंडं कबूल केलं असतं, तर आईनं उपास केला असता, एवढंच. पण अंड्यामागं दुसरा प्रश्न येणार होता: तुम्हाला कुणी शिकवलं, लावलं कुणी, दुपारी आम्ही नसताना? आणि बायकोच्या डोळ्यांत तो प्रश्न आधीपासून बसलेला मला माहीत होता. त्याचं उत्तर निष्पाप होतं, पण मला ते निष्पाप चेहऱ्यानं देता आलं नसतं. त्या पायरीवर मी दोन क्षण जास्त बसलो होतो.

मी म्हणालो, "मला काय माहीत."

वहिनीचं हसू लगेच गेलं नाही. काय करावं ते न कळून थोडा वेळ तिथंच राहिलं. मग ती आत गेली आणि तिनं राहिलेल्या पोळ्या लाटल्या. त्या दिवशी त्या पोळ्या कुणी खाल्ल्या नाहीत.

भांडण असं झालंच नाही. आईनं तिच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. बायकोनं स्वयंपाक वेगळा केला. हदगावहून बायकोची मावशी आली, तिनं कुठल्याशा जाणत्याकडून बिब्बा आणि लिंबू आणून दारावर बांधलं आणि जाताना गल्लीत दोन घरी चहा पिऊन गेली. तेवढ्यानं व्हायचं ते झालं. शेजारचं लहान पोर वहिनीकडे खेळायला यायचं, ते यायचं थांबलं. आमच्याकडे याविरुद्ध कायदा आहे. विज्ञान दिनाला मी त्यावर क्लासमध्ये भाषण केलेलं आहे. घरी मी दारावरचं लिंबू सुकलं की बदलून द्यायचो, बायकोनं सांगितलं म्हणून.

वहिनीनं कुणालाच सांगितलं नाही. सुरुवातीला मला वाटलं, सांगेल. मग वाटलं, जपून ठेवलंय, वेळ आली की काढेल. स्वतःच्या भ्याडपणाला दुसऱ्याचा कावा समजणं किती सोपं असतं! ती समोर आली की मी तिच्या डोळ्यांत धमकी शोधायचो. तिथं काही नसायचं, आणि मला तेही खोटं वाटायचं.

वर्ष सरायच्या आत ती लातूरला गेली. तिचा भाऊ तिकडं असतो. त्यानं मुलींच्या एका वसतिगृहात मेसचं काम बघून दिलं. मी तिची ट्रंक रिक्षात ठेवली. आता तरी बोलेल म्हणून उभा राहिलो. ती म्हणाली, "आईंच्या बीपीच्या गोळ्या फडताळात वरच्या कप्प्यात हायत. संपत आल्यात."

फ्लेक्स लागला. फोटो जुनाच होता, फक्त कॉम्प्युटरवाल्यानं माझ्या कपाळावर केस भरून दिले होते. एवढे केस मला विसाव्या वर्षीही नव्हते.

यंदा पेपर तपासायच्या कामानं मी लातूरला गेलो होतो. वसतिगृहाचा पत्ता ठाऊक होता. आधीच्या खेपांना मी त्या रस्त्यानं जायचं टाळलं होतं. या वेळी गेलो. रविवारची दुपार. गच्चीच्या जिन्यावर मुली ओळीनं बसलेल्या, आणि वहिनी पातेलं घेऊन त्यांच्या डोक्याला उडदाचं पीठ आणि दही लावत होती. निलंग्याकडची एक मुलगी कुरकुरत होती, "आंटी, बोअरच्या पाण्यानं सगळे चाललेत, टक्कल पडणार मला."

"पडू दे की," वहिनी म्हणाली. "डॉक्टरीणबाईला कोण टक्कल म्हणतंय?"

मला बघून तिनं हात धुतले. चहा आला. आईचं विचारलं, बायकोचं विचारलं, मुलाचं विचारलं. तिचे केस पांढरे झाले होते, पण दाट. मग मी सुरुवात केली, "वहिनी, ते त्या दिवशीचं..."

"चहा निवून राहिला तुमचा."

मी चहा प्यायलो. ती खिडकीकडे बघत होती. म्हणाली, "भाचीच्या लग्नात वहिनी म्हणल्या, हळदीला तुम्ही मागं बसा. माझ्याच भावाची बायको. नांदेडची बात इथवर आली, तिला काय एसटी लागते?" आवाज साधा होता, भाजीचे भाव सांगावेत तसा. "बसले मागं. करता काय."

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"मला सांगून काय उपेग, भाऊजी? मला ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा." आणि मी निघताना, जिन्यापर्यंत येऊन, "आई हायत तवर सांगा. त्या मला तसली समजून गेल्या तर मग कोणाला सांगणार?"

त्याला आता चार महिने होऊन गेले. आई थकली आहे, पण तिला ऐकू स्वच्छ येतं. बायको रोज तिच्याजवळ बसते. मी त्या खोलीत जातो, गोळ्या देतो, पाणी देतो, बाहेर येतो. हे कागदावर उतरवताना मला शंका आहे, की हेही मी तिथं बोलावं लागू नये म्हणूनच लिहितो आहे. म्हणून यात काही फिटलं असं मी धरत नाही.

वहिनीचं माझ्याकडे देणं आहे ते असं. आईसमोर आणि बायकोसमोर, दोघी एकत्र असताना, मला म्हणायचं आहे की ती पुडी माझी होती, अंडं मी आणलं होतं, आणि लेप वहिनीनं माझ्या डोक्याला लावला होता, मी सांगितलं म्हणून. मग वहिनीच्या भावाच्या बायकोला, लातूरला जाऊन, हेच. अजून दोन्हीकडे मी बोललेलो नाही.